४९९ सेकंदांचा पूल: एयू, प्रकाशवर्ष आणि पार्सेक

खगोलीय एककांची (एयूंची; एक एयू म्हणजे साधारण पृथ्वी ते सूर्य अंतर) प्रकाशवर्षं करायची म्हटली की बहुतेक जण आधी किलोमीटरमध्ये उतरतात. एयूचे किलोमीटर करायचे, मग त्या किलोमीटरची प्रकाशवर्षं. उत्तर मिळतं, पण वाटेत तेरा-चौदा अंकी आकडे सांभाळावे लागतात आणि शून्यं मोजता मोजता एखादं सुटतं. किलोमीटरची इथे गरजच नाही. एयू, प्रकाशवर्ष आणि पार्सेक (ताऱ्यांच्या अंतराचं मोठं माप, व्याख्या पुढे येईल) या तिघांनाही सेकंदातून जोडता येतं, आणि त्यासाठी फक्त दोन आकडे लक्षात ठेवावे लागतात: ४९९ आणि २,०६,२६५.

पहिला आकडा कुठून आला ते बघू. निर्वातातला प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. १९८३ साली मीटरचीच व्याख्या या वेगावरून ठरवली गेली, त्यामुळे हा आकडा मोजमापातून येत नाही, तो ठरवलेला आहे. खगोलीय एकक, म्हणजे बोलीभाषेतला एयू, हाही आता ठरवलेलाच आकडा आहे: १,४९,५९,७८,७०,७०० मीटर, म्हणजे १४ कोटी ९५ लाख ९७ हजार ८७०.७ किलोमीटर. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१२ च्या बीजिंग अधिवेशनात तो कायमचा बांधला. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं सरासरी अंतर उद्या अधिक बारकाईने मोजलं गेलं तरी एयू हलणार नाही. आता एयूला प्रकाशवेगाने भागा: ४९९.००४७८४ सेकंद. प्रकाशाला एक एयू कापायला लागणारा वेळ तो हाच.

पुढचं सगळं यातूनच निघतं. प्रकाशवर्षात ३६५.२५ दिवस, दिवसात ८६,४०० सेकंद, म्हणून एकूण ३,१५,५७,६०० सेकंद. त्यांना ४९९.००४७८४ ने भागलं की ६३,२४१.०८. एका प्रकाशवर्षात तेवढे एयू. प्रकाशदिवसासाठी ८६,४०० भागिले ४९९.००४७८४, म्हणजे १७३.१४ एयू. पार्सेकमध्ये २,०६,२६४.८०६ एयू असतात, त्यांना ४९९.००४७८४ ने गुणलं की सुमारे १०,२९,२७,१२५ सेकंद येतात आणि त्यांना वर्षाच्या सेकंदांनी भागलं की ३.२६१५६४ प्रकाशवर्षं. किलोमीटरला कुठेही हात लावावा लागला नाही.

ही नुसती हिशेबाची युक्ती नाही. इतिहासही याच वाटेने गेला आहे. ओले रोमरने १६७६ मध्ये गुरूच्या आयो या उपग्रहाच्या ग्रहणांवरून ताडलं की पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला साधारण २२ मिनिटं लागतात. आकडा चुकीचा होता, खरी वेळ पावणेसतरा मिनिटांच्याही आत आहे, पण मोजला होता तो वेळ. जेम्स ब्रॅडलीला १७२० च्या दशकात ताऱ्यांच्या प्रकाशाचं अपेरण (पृथ्वीच्या वेगामुळे तारा जागेवरून किंचित सरकलेला दिसणं) सापडलं आणि त्यावरून एका एयूचा प्रकाशकाळ सव्वाआठ मिनिटांच्या आसपास आला, तोही एयूत किती किलोमीटर आहेत हे न विचारता. फ्रीडरिश बेसेलने १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या ताऱ्याचं अंतर काढलं तेव्हा त्याचं उत्तर होतं ६,५७,७०० एयू, आणि पुढे तो म्हणतो की हे अंतर कापायला प्रकाशाला १०.३ वर्षं लागतात. त्याच्या ६,५७,७०० ला आजच्या ४९९ ने गुणून पाहा, १०.४ वर्षं येतात. मग ०.१ वर्षाचा फरक कसा पडला? त्या काळी एका एयूसाठी ८ मिनिटं १३ सेकंद, म्हणजे ४९३ सेकंद धरत. ४९३ घाला, १०.३ मिळतात. जुन्या पुस्तकातला आकडा आजच्याशी जुळला नाही तर आधी हा प्रकाशकाळ तपासावा. (६१ सिग्नीचं आजचं अंतर ११.४ प्रकाशवर्षं आहे, पण ती तफावत पराशयाच्या, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जितका सरकलेला दिसतो त्या कोनाच्या, मोजणीतली आहे.) १९६१ मध्ये शुक्रावर रडारच्या लहरी आदळवून एयू मोजला तेव्हाही हाती आला तो प्रतिध्वनीचा काळच. १९७६ च्या खगोलीय स्थिरांकांच्या यादीत तर ४९९.००४७८२ सेकंद हा मूळ स्थिरांक म्हणून नोंदला होता आणि किलोमीटर त्यातून काढत.

आता वर्ष कोणतं, हा प्रश्न. प्रकाशवर्षातलं वर्ष ज्युलियन असतं, बरोबर ३६५.२५ दिवसांचं. ३६५ दिवस धरले तर प्रकाशवर्ष ६३,१९८ एयूंचं होतं, म्हणजे ४३ एयूंनी आखूड. नेपच्यून सूर्यापासून ३० एयूंवर आहे, त्यावरून ही चूक केवढी ते कळेल. सांपातिक वर्ष घ्या की ग्रेगरियन, दोन्हींनी ६३,२४० च्या आसपास उत्तर येतं, म्हणून काही कोष्टकांत ६३,२४१ आणि काहींत ६३,२४० दिसतं. दोन्हींतला फरक लाखात दोन इतका. ताऱ्यांच्या अंतरात तो कुठल्या कुठे बुडून जातो, पण आपलं उत्तर शेवटच्या अंकात दुसऱ्याशी जुळत नसेल तर कारण बहुधा हेच असतं.

सूर्यमालेत प्रकाशवर्षाचा उपयोग नाही, तिथे प्रकाशमिनिटं. एक एयू म्हणजे ८.३१६७ मिनिटं. मराठी मजकुरात सर्वाधिक चूक होते ती इथे. ८.३२ मिनिटं म्हणजे ८ मिनिटं ३२ सेकंद नव्हेत, ८ मिनिटं १९ सेकंद. दशांश भागाला ६० ने गुणावं लागतं. तोंडी हिशेबासाठी एयूंना २५ ने गुणून ३ ने भागावं, मिनिटं येतात आणि चूक हजारात दोनच. गुरू सूर्यापासून ५.२ एयू, १३० भागिले ३, म्हणजे ४३ मिनिटं आणि थोडे सेकंद. शिवाय ८ मिनिटं १९ सेकंद ही एका एयूची वेळ आहे, रोजची नाही. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, ०.९८३३ एयूंवर असते तेव्हा प्रकाश ८ मिनिटं ११ सेकंदांत पोहोचतो. जुलैच्या सुरुवातीला १.०१६७ एयूंवर ८ मिनिटं २७ सेकंद.

मंगळयानाचं उदाहरण इथे चपखल बसतं. २४ सप्टेंबर २०१४ ला ते मंगळाच्या कक्षेत शिरलं तेव्हा पृथ्वीपासून साधारण दीड एयूंवर होतं. १.५ गुणिले ८.३१६७, म्हणजे १२.४७५ मिनिटं, म्हणजे १२ मिनिटं २८ सेकंद. एकेरी. प्रश्न विचारून उत्तर यायला २५ मिनिटं, आणि मुख्य इंजिन पेटवायचं होतं जवळपास २४ मिनिटं. म्हणजे सुरुवातीलाच काही बिघडलं असतं तरी त्यावरचा हुकूम इंजिन बंद व्हायच्या सुमारालाच पोहोचला असता. म्हणून सगळ्या आज्ञा आधीच यानात भरून ठेवल्या होत्या. प्रकाशकाळ लिहिताना एकेरी की दुहेरी हे लिहिलंच पाहिजे. चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर, एकेरी १.२८ सेकंद, पण तिथल्या आरशांवरून परतणाऱ्या लेझरचं घड्याळ २.५६ दाखवतं. निम्मं करायला विसरलात तर चंद्र दुप्पट लांब जातो. आदित्य एल-१ पंधरा लाख किलोमीटरवर आहे, म्हणजे पाच प्रकाशसेकंद.

व्हॉयेजर-१ दरवर्षी सूर्यापासून सुमारे ३.६ एयू दूर जातं, म्हणजे त्याचा संदेश दरवर्षी अर्ध्या तासाने उशिरा. मात्र हा हिशेब सूर्यापासूनचा. पृथ्वी स्वतः सूर्याभोवती फिरते, त्यामुळे आपल्यापर्यंतच्या वेळेत सुमारे सात मिनिटांपर्यंत कमीजास्त होतं. पृथ्वीचा कक्षेतला वेग सेकंदाला ३० किलोमीटर आणि व्हॉयेजरचा १७, म्हणून वर्षातले काही महिने हे यान चक्क आपल्या जवळ येत असतं. एखाद्या ठिकाणी १७० एयू आणि त्याच दिवसाचा प्रकाशकाळ जुळत नसेल तर एक आकडा सूर्यापासूनचा आणि दुसरा पृथ्वीपासूनचा आहे का, ते बघावं.

पार्सेककडे वळू. पंचांग बघणाऱ्याला अंश, कला, विकला नवे नाहीत: अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा विकला. एक एयू लांबीची रेघ जिथून एक विकला कोनाएवढी दिसेल ते अंतर म्हणजे पार्सेक. २०१५ पासून त्याची व्याख्या ६,४८,००० भागिले पाय (π) इतके एयू, अशी नेमकी आहे. त्याआधी कोणी कोनाचा टॅन्जंट घेई, कोणी नुसता कोन. दोन्हींत एका पार्सेकमागे फरक सुमारे २४० किलोमीटरचा, पुण्याहून कोल्हापूरला जाण्याइतका. ३०.८६ लाख कोटी किलोमीटरच्या अंतरात!

पार्सेकची प्रकाशवर्षं करताना ३.२६ ने गुणायचं की भागायचं, हा गोंधळ नेहमीचा. किलोचे पाव करताना आकडा वाढतो, तसंच हे. पार्सेक मोठं माप, प्रकाशवर्ष छोटं, म्हणून गुणायचं. तोंडी करायचं तर सव्वातीन पट. उलट दिशेने ०.३०६६ ने गुणा, किंवा तीस टक्के काढून त्यात त्याचाच पन्नासावा भाग मिळवा.

ताऱ्यांच्या यादीत अंतर थेट दिलेलं नसतं, पराशय दिलेला असतो, आणि अंतर म्हणजे त्याचा व्यस्त. विकलांमध्ये पराशय असेल तर एक भागिले पराशय. गाया किंवा हिपार्कस या उपग्रहांच्या याद्यांमध्ये तो मिलीविकलांमध्ये असतो, तेव्हा १,००० भागिले पराशय. प्रॉक्झिमा सेंटॉरीचा पराशय ७६८.०७ मिलीविकला: १.३०२० पार्सेक, ४.२४६ प्रकाशवर्षं, २,६८,५५० एयू. हजार विसरून १ भागिले ७६८.०७ केलं तर ०.००१३ पार्सेक येतात, म्हणजे २६८ एयू, आणि सर्वांत जवळचा तारा व्हॉयेजरच्या थोडा पुढे येऊन बसतो. व्याधाचा पराशय ३७९.२१, त्यावरून २.६३७ पार्सेक आणि ८.६० प्रकाशवर्षं. अभिजितचा १३०.२३, त्यावरून ७.६८ पार्सेक आणि २५ प्रकाशवर्षं. शाळा-कॉलेजच्या प्रकल्पात आणखी एक घोळ होतो. सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन फोटोंत तारा सरकलेला दिसतो तो पराशयाच्या दुप्पट, कारण पाया कक्षेच्या व्यासाचा, दोन एयूंचा असतो. पूर्ण सरक सूत्रात घातली की अंतर निम्मं येतं.

व्यस्त घेताना चुकीची मर्यादा दोन्ही बाजूंना सारखी राहत नाही. मृगातल्या काक्षीचा हिपार्कसच्या फेरमोजणीतला पराशय ६.५५ मिलीविकला, अधिक-उणे ०.८३. मधला आकडा १५३ पार्सेक. ५.७२ धरला तर १७५ आणि ७.३८ धरला तर १३६. प्रकाशवर्षांत ४९८, वर ७२ आणि खाली ५६. म्हणजे ‘काक्षी ४९७.९ प्रकाशवर्षं दूर आहे’ या वाक्यातला दशांश निव्वळ शोभेचा. चूक पराशयाच्या वीस टक्क्यांपुढे गेली की साधा व्यस्त घेऊच नये. गायाच्या यादीत कित्येक पराशय चक्क ऋण आहेत, कारण दूरच्या ताऱ्याचा खरा पराशय मोजणीतल्या चुकीहून लहान असतो. त्यांचा व्यस्त घेतला तर तारा आपल्या पाठीमागे जाईल.

आता आपल्या भाषेतली एक अडचण. इंग्रजी बातमीतलं ट्रिलियन म्हणजे आपलं लाख कोटी. प्रकाशवर्ष ९.४६ लाख कोटी किलोमीटर, अर्थसंकल्पात वापरतो तेच लाख कोटी. अब्ज म्हणजे शंभर कोटी, इथपर्यंत ठीक. त्यापुढे मात्र खर्व-निखर्व टाळलेले बरे. लीलावतीतल्या परंपरेने खर्व म्हणजे दहा अब्ज, आणि हिंदीतला खरब म्हणजे शंभर अरब. हिंदी मजकूर समोर ठेवून भाषांतर केलं तर आकडा दहापट घसरतो.

पूर्णांकन किती करावं? पुण्यातल्या आयुकाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये जाहीर केलेला सरस्वती हा दीर्घिकांचा महासमूह शोधनिबंधाच्या शीर्षकात सुमारे २०० मेगापार्सेक (एक मेगापार्सेक म्हणजे दहा लाख पार्सेक) आहे. बातम्यांत तो ६० कोटी प्रकाशवर्षं झाला. कॅल्क्युलेटर म्हणेल ६५.२३ कोटी. बरोबर काय? मूळ आकडा ‘सुमारे २००’ असताना ६५.२३ लिहिणं हे ६० लिहिण्यापेक्षा अधिक चूक आहे, असं माझं मत. ६५ चाललं असतं. मूळ आकड्यात जितके विश्वासाचे अंक, तितकेच रूपांतरात ठेवावेत. त्यासाठी गुणकात निदान एक अंक जास्त वापरावा आणि पूर्णांकन फक्त शेवटी करावं.

पार्सेक छेदात असला की दिशा उलटते. विश्वाच्या प्रसरणाचा वेग सांगणारा हबल स्थिरांक दर मेगापार्सेकला सेकंदाला ७० किलोमीटर धरला, तर दर दहा लाख प्रकाशवर्षांना किती? सवयीने गुणलं की २२८ येतात, ते साफ चूक. भागायचं: २१.५. अंतराचं माप छोटं झालं तर त्या छोट्या अंतरामागे वेगाची वाढही कमीच असणार. आणि इथून पुढे प्रकाशवर्ष हा शब्दच निसरडा होतो. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, पण दृश्य विश्वाची त्रिज्या ४६ अब्ज प्रकाशवर्षांहून थोडी जास्त, म्हणजे सुमारे १४ गिगापार्सेक (१४ अब्ज पार्सेक). प्रकाश वाटेत असताना अवकाशच ताणलं गेलं. एखाद्या दीर्घिकेचा ‘प्रकाश १३ अब्ज वर्षं प्रवास करून आला’ या आकड्याला ३.२६ ने भागून तिचं पार्सेकमधलं अंतर काढू नये, तो काळ आहे. देवयानी दीर्घिकेपर्यंत, २५ लाख प्रकाशवर्षांपर्यंत, काळ आणि अंतर एकमेकांच्या जागी खुशाल वापरा.

प्रकाशाची एककं निर्वातातली, हेही लक्षात असू द्या. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. हे अंतर ८३ प्रकाश-मायक्रोसेकंद, पण तेवढ्याच लांबीच्या काचतंतूतून संदेश जायला साधारण १२३ मायक्रोसेकंद लागतील, कारण काचेत प्रकाश जवळजवळ दीडपट सावकाश जातो. केबलचा उशीर मोजून थेट अंतर काढलं तर ते तितकंच फुगतं.

स्प्रेडशीटमध्ये करणाऱ्यांसाठी शेवटचं. एक्सेल पंधरा अंकच ठेवतं. पार्सेकचे सतरा अंकी मीटर टाइप केले तर शेवटचे दोन अंक शून्य होतात. नुकसान काही नाही, पण दुसऱ्या प्रोग्रामशी तंतोतंत तुलना करताना डोकं खाजवावं लागतं. एक्सेलच्या कन्व्हर्ट फंक्शनमध्ये प्रकाशवर्ष आणि पार्सेक आहेत, एयू नाही, त्यामुळे ४९९.००४७८४ एका वेगळ्या खान्यात ठेवून सगळी सूत्रं त्याकडे वळवणं सोयीचं. सी किंवा जावामध्ये किलोमीटर ३२ बिटांच्या पूर्णांकात ठेवलेत तर एक प्रकाशतास, १०७.९ कोटी, मावतो आणि दोन प्रकाशतास मावत नाहीत. मर्यादा २१४.७ कोटींची आहे आणि दोन तास होतात २१५.९ कोटी. शनीपर्यंत प्रोग्राम नीट चालतो आणि युरेनसचं अंतर ऋण येतं ते यामुळे. पत्रक तयार झालं की पहिल्या ओळीत प्रॉक्झिमाचे ७६८.०७ घाला. पुढच्या खान्यांत १.३०२०, ४.२४६ आणि २,६८,५५० आले तरच खालच्या ओळी भरायला घ्या.